साखरपुड्यातला पेढा

साखरपुड्यात होणाऱ्या सासूबाईंनी पेढा पुढे करताच ऋजुताच्या कानामागे चिकटवलेली, तब्येतीवर लक्ष ठेवणारी चकती सर्वांना ऐकू जाईल अशी बोलली, "साखर घेऊ नका. तुमचा मेंदू चरबीच्या इंधनावर शांत आहे. फिट येऊ शकते."

सासूबाई ऋजुताच्या आईकडे वळल्या.

"फिट येते हिला?"

"हे बिनसाखरेचं पथ्य सुरू केल्यापासून एकदाही नाही," ऋजुता म्हणाली.

"अहो विहीणबाई, यंत्र बिघडलंय ते!" आई घाईने हसली. गजरा नीट करण्याच्या निमित्ताने तिने चकती उपटली आणि पेढा स्वतःच लेकीच्या ओठांशी नेला. "खा गं. एकाने काही होत नाही."

ऋजुताने आईच्या डोळ्यांत पाहिले. तिथे भीती होती, लग्न मोडण्याची.

तिने तोंड उघडले.