गाळलेले हुंदके

गोजराबाईंची तक्रार होती की टोरांटोची लेक, शोभना, हल्ली फोनवर कधी रडतच नाही. तिने घेतलेल्या महागड्या फोनसेवेत कंपनी हुंदके, खोकला, धाप सगळं गाळून फक्त हसरा आवाज पोचवायची. पूर्वी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये अर्धं बोलणं खरखरीत जायचं. पण पुण्याच्या होस्टेलवर शोभनाने नुसतं नाक ओढलं, तरी गोजराबाईंना इचलकरंजीत कळायचं, पोरगी उपाशी आहे.

आज शोभना खळखळून हसत म्हणाली, "आई, नवरा सोडून गेला गं."

गोजराबाई फोनवरच कडाडल्या.

"आईपासून रडं लपवायला त्या मेल्यांना पैसे मोजतेस? अगदीच मूर्ख आहेस, शोभने! ती सेवा आधी बंद कर, साधा फोन लाव आणि माझ्या कानात पोटभर रड."