अंगाभोवतीची जागा

पडद्यावरची मुलगी हात अंगापासून दूर धरून चालत होती. गोरी, सडपातळ, कंबर मुठीत मावेल अशी. आणि तरीही दोन्ही दंडांच्या आत तिने कुणासाठी तरी जागा राखून ठेवलेली. पावले टाकताना ती पाय किंचित फाकवी. एकमेकींना कधीच न भेटणाऱ्या मांड्या ती घासू नयेत म्हणून जपत होती.

"दिसतंय ना?" आमोद म्हणाला. "प्रॉब्लेम इथे आहे."

पूर्णिमाला दिसत होते. ते चालणे तिचे होते. कर्वेनगरातल्या याच हॉलमध्ये, अंगभर पांढऱ्या गोळ्या चिकटवलेला काळा पोशाख घालून ती चालली होती, वाकली होती, झेपावली होती, आणि भोवतालच्या कॅमेऱ्यांनी तिची प्रत्येक हालचाल टिपली होती. कबड्डीच्या व्हिडिओ गेमसाठी त्यांना खरी खेळाडू हवी होती. भंडाऱ्याहून आलेली, धायरीच्या शाळेत मुलींना कबड्डी शिकवणारी पूर्णिमा त्यांना मिळाली. चेहऱ्याचे, दंडांचे, पोटऱ्यांचे फोटो घेतले गेले. "नायिका तुम्हीच," असे तेव्हा आमोदच म्हणाला होता. गेम त्याचा होता.

"चाल माझी आहे," ती म्हणाली. "मी कुठे आहे?"

ॲनिमेशन करणारी ऋचा कीबोर्डवरची धूळ पुसू लागली.

"टेस्टिंग केलं आम्ही, ताई. निवडायला पडद्यावर तीन मुली ठेवल्या होत्या. तुम्हाला कुणी घेतलं नाही." आमोदने आवाज मवाळ केला. "वाईट वाटून घेऊ नका. परदेशातल्या आवृत्तीत तुम्ही आहात. रंगासकट, वजनासकट. तिकडे वैविध्य लागतं. इकडे लोकांना ते घरातच दिसतं."

स्वतःचे वाक्य त्याला आवडले असावे. तो हसला.

"मुली होत्या का निवडणाऱ्यांत?"

"होत्या की. कॉलेजच्या, शाळेच्या पण काही."

"कशा होत्या?"

"कशा म्हणजे?"

"माझ्यासारख्या होत्या का कुणी?"

"होत्या ना," आमोद म्हणाला. "त्यांनी तर सगळ्यांत आधी हिला घेतलं."

धायरीच्या मैदानावर पूर्णिमाने सांगून टाकले होते, की गेममध्ये मी असणार, माझ्यासारखीच. मुलींनी टाळ्या पिटल्या होत्या. एकट्या तनुजाने पिटल्या नव्हत्या. संघातली सर्वांत काळी, सर्वांत जड आणि कोपऱ्यात उभी राहिली की कुणालाही न हलणारी तनुजा भर उन्हातसुद्धा जर्सीवर जॅकेट घालून खेळे. दुसऱ्या दिवशी ती जॅकेटशिवाय आली होती. कुणी काही बोलले नव्हते. पूर्णिमाने तर मुद्दाम तिच्याकडे पाहिलेही नव्हते.

"पोरींना सांगून बसले ना मी," ती म्हणाली.

"मग दाखवा की त्यांना. चाल तुमची, झेप तुमची. फक्त अशी नको. अशी पाहिली की लोक विचारतात, हिच्या काखेत कलिंगड आहे का?" आमोद खुर्चीत मागे रेलला. "तेवढ्यासाठीच बोलावलंय. सगळं पुन्हा एकदा करायचं. बारीक असल्यासारखं."

"काहून?"

"अहो, सांगितलं ना आत्ता."

"आणि नाही केलं तर?"

"तर काही नाही. बारीक खेळाडू पुण्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या एकीकडून सगळंच नव्याने करून घेऊ."

ऋचाने पोशाख आणला. मागच्या वेळी तो पूर्णिमाला होईना, म्हणून दोन्ही कुशींना कापडाच्या पट्ट्या जोडल्या होत्या. पाठीवरची चेन ओढताना ऋचा हळूच म्हणाली, "ताई, हात आत घ्या. अजून थोडे. तिथे काही नाहीच असं समजायचं."

"काय नाही?"

ऋचाने चेन वरपर्यंत ओढली आणि ती कॅमेऱ्यांकडे गेली.

पूर्णिमाने कोपरे कुशींना चिकटवली. एका रेषेत पावले टाकली. पहिल्यांदा तोल गेला. मांडीवर मांडी घासून कापड करकरले. दुसऱ्यांदा जमले. ज्या भाराने आजवर तिला मैदानात रोवून उभे केले, तो भार तिने पावलागणिक खाली ठेवत नेला. पडद्यावरची मुलगी हलकी झाली. तिचे हात अंगाशी आले, आतली जागा मिटली, आणि तिथे कधी कुणी होते याची खूण राहिली नाही.

"क्या बात है!" आमोद कंट्रोल रूमच्या काचेआडून म्हणाला. "आता चढाई. आणि ताई, तोंड बंद ठेवा. मागच्या वेळी कबड्डी-कबड्डी म्हणत होतात, त्याने छाती भरते, खांदे उचलतात. हिला ते शोभत नाही. आवाज आपण नंतर दुसरीचा घालू."

जमिनीवर निळ्या चिकटपट्टीची मध्यरेषा होती. पूर्णिमाने वाकून तिला हात लावला, तो कपाळाला नेला. ओठ मिटले. मग ती पलीकडे गेली, अंग चोरून, निःशब्द, आणि समोर नसलेल्या बचावाला शिवून परत आली.

धायरीच्या मैदानावर कुणी अशी मुक्याने रेषा ओलांडली असती, तर पहिल्याच पावलाला तिने शिट्टी वाजवली असती. बाद.

काचेआडून आमोदने अंगठा वर केला.