शिवणीची माया

“कर्करोग लवकर सापडला, गाठ दुर्बिणीतून काढलीही,” सर्जन म्हणाले. “पण कडेला रोग उरलाय. आता गुदाशय काढून शौचासाठी पोटावर कायमची पिशवी लावू.” “म्हणजे कापताना कडेचं जादा कापड, शिवणीची माया, कमी पडली,” शिंपी पुटपुटला. जन्मभर लोकांच्या ढेऱ्यांना टेप लावणारा माणूस स्वतःच्या पोटावर अडला. “पिशवी लावून दुकानात बसू? त्यापेक्षा मेलेलं बरं!” “मरा,” बायको म्हणाली, “पण आधी माझा ब्लाउज शिवा.” नर्स पेन घेऊन वाकली. “काका, नुसती जागा बघू. पट्टा कुठे बांधता? पिशवी त्याच्याखाली दबायला नको.” बेंबीशेजारी तिने फुली मारली. शिंपी फुलीकडे बघत राहिला. मग सदरा खाली सोडून खिशातल्या खडूने त्यावर, फुलीच्या थोडी वर, रेघ ओढली. “नव्या पँटची कंबर इथवर घेतो. माया भरपूर ठेवीन.” “ठेवा,” बायको म्हणाली आणि तिने त्याची खडूने माखलेली बोटं धरली.