मिल्काबाईंचा आशीर्वाद

सून दवाखान्यात बाळंतपणात अडली होती आणि बाहेर बसलेल्या ख्रिस्ती मार्थाबाईंना प्रार्थनेचे शब्दच सुचेनात. तेवढ्यात शेजारच्या मिल्काबाई झिराडकर आल्या. अलिबागेत उरलेल्या मोजक्या ज्यूंपैकी त्या एक. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा, म्हणजे विश्रांतिदिनाचा, दिवा लावून त्या तशाच चालत आल्या होत्या; त्या दिवशी वाहनात बसणं त्यांना वर्ज्य. मार्थाबाईंचा हात धरून त्या हिब्रूत स्तोत्रं म्हणत राहिल्या, आतून नातवाचं रडणं ऐकू येईपर्यंत.

बाळ घरी आल्यावर नणंद कुजबुजली, "वहिनी, त्या लोकांना देवानं केव्हाच टाकलं. त्यांच्याकडून कसली प्रार्थना करून घेतलीस?"

ज्यूंनी येशूला नाकारलं म्हणून देवानं त्यांना टाकलं, हेच मार्थाबाईंनीही लहानपणापासून ऐकलं होतं. पण आता त्या म्हणाल्या, "त्यांच्या मूळपुरुषाला, अब्राहामाला, दिलेला शब्द देव मोडत असेल, तर मला दिलेला कशावरून पाळेल? त्यानं त्यांना सोडलेलं नाही, म्हणून तर मला धीर आहे."

आणि बाळाला घेऊन त्या शेजारी गेल्या. मिल्काबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आधी हिब्रूत, मग मराठीत आशीर्वाद दिला, "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो." मार्थाबाईंचे डोळे भरून आले. दर रविवारी चर्चमध्ये उपासना संपताना पाळक हाच आशीर्वाद देत. तो या ज्यूंच्याच घरातून आपल्यापर्यंत आला होता.

"आमेन," दोघी एकदमच म्हणाल्या.