टोकावरचा आकडा

"कुठला टाकू गाडीत?" नाबोरने विचारलं.

दोन्ही लोखंडी गर्डर शेजारी शेजारी पडले होते. उंची सारखी, लांबी सारखी, लाल रंगसुद्धा सारखा. फरक वजनाचा. एक होता मीटरला एकोणचाळीस किलोचा, दुसरा बावन्नचा. टोकांवर पांढऱ्या रंगात तेवढे आकडे लिहिलेले. ओतिलियाने नकाशात धरला होता पंचेचाळीसचा, आणि तो अपिसाको गावच्या लोखंडाच्या यार्डात महिनाभर येणार नव्हता.

ती दोन्हींच्या मधे बराच वेळ उभी राहिली. मग एकावर हात ठेवला.

"हा. आणि टोकावरचा आकडा पुसून टाक."

नाबोरने चिंधी हातात घेतली, पण तो हलला नाही. यार्डात येण्याआधी तो गवंडीकाम करायचा, तिच्या बापाच्या जोडीला. गर्डर ज्या घरात जायचा ते कुणाचं आहे, हे त्याला ठाऊक होतं. "पोरी, असला खेळ नको. त्या घरात वर लेकरू झोपतं."

"माहीत आहे मला. थिनर जरा जास्त घे, ठिपकाही राहायला नको."

घर एवारिस्तोचं होतं. जुना कंत्राटदार, आता काठी टेकत चालायचा. त्याच्या मुलीला, इर्माला, खाली नवरीच्या कपड्यांचं दुकान काढायचं होतं, म्हणून मधली भिंत पाडून तिथे गर्डर घालायचा होता. इंजिनीयर म्हणून ओतिलियाला इर्मानेच शोधलं होतं. एवारिस्तोने ओतिलियाला ओळखलं नाही. गवंड्यांची आडनावं त्याने कधी लक्षात ठेवली नव्हती.

टेकू लावून भिंत उतरवली. गर्डर चढला, त्याची दोन्ही टोकं काँक्रीटमध्ये गेली. वर जाळी, जाळीवर गिलावा. तीन मे हा क्रूसाचा सण. गवंड्यांचा दिवस. त्या दिवशी कामावर कागदी फुलांचा क्रूस उभा करायचा आणि मालकाने जेवण घालायचं. सण झाला की टेकू काढायचे, असं ठरलं.

एवारिस्तोने हात आखडता घेतला नाही. मोलेचा मसालेदार रस्सा, भात, पुल्केच्या दारूचे दोन मोठे घडे. "खा रे, लाजताय कसले! कामाच्या वेळी तर लाजत नाही तुम्ही, बसून राहायला!" गवंडी हसले. तो क्रूसापाशी गेला. क्रूसावर एक निळी फीत होती. तिच्यावर नाव होतं, फिदेन्सियो त्लापाले.

"हा कोण?"

"माझा बाप," ओतिलिया म्हणाली. "एकोणीस वर्षांपूर्वी, याच सणाला, तुमच्या कामावर छताखाली गेला. जेवणाची टेबलं मांडायला जागा हवी म्हणून तुम्ही टेकू काढायला लावले होते."

एवारिस्तोची काठी फरशीवर एकदाच वाजली. मग त्याची नजर हळूहळू वर गेली. गिलाव्याकडे.

"बाई, गर्डर नकाशातलाच आहे ना?"

"तो मिळाला नाही. यार्डात होता तो टाकला."

हे वाक्य तिचं नव्हतं. त्या अपघाताच्या चौकशीत, तेव्हाच्या गर्डरबद्दल, त्यानेच ते म्हटलं होतं. आणि पुढे जोडलं होतं, की गवंडी प्यायलेला होता, त्याचीच लाथ टेकूला बसली. फिदेन्सियो दारूला कधी शिवला नव्हता. पण गावात अजूनही कुणी झिंगून चालला, की त्याला 'फिदेन्सियो झाला' म्हणत.

"किती किलोचा?" एवारिस्तोने विचारलं.

"सांगते ना. आधी तुम्ही सांगा, या सगळ्यांसमोर. माझा बाप त्या दिवशी प्यायला होता का?"

गवंड्यांचे घास हातातच राहिले. एवारिस्तो जिन्याकडे वळून ओरडला, "इर्मा! पोरीला खाली आण! आत्ताच्या आत्ता!"

"आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा, बाबा!" वरून आवाज आला. "काय लावलंय?"

तो गवंड्यांकडे फिरला. "टेकूंना कुणी हात लावायचा नाही." एवढंच बोलला.

टेकू तसेच राहिले. इर्माचं दुकान त्यांच्याभोवतीच सुरू झालं. नवरीच्या झग्यांचे घोळ त्यांच्यात अडकायचे, आयाबाया कपाळावर हात मारायच्या. "बाबा, दुकान आहे की खाण?" इर्मा रोज भांडायची. एवारिस्तो ऐकून घ्यायचा आणि एकेका टेकूचा स्क्रू पिळून बघायचा. नातीचा पाळणा त्याने मागच्या स्वयंपाकघरात हलवला. गिलावा फोडून बघायला एकदा हातोडी घेतली, पण ठोका घालायची छाती झाली नाही. दुसरा इंजिनीयर आणायचा, तर भीती कशाची ते त्याला सांगावं लागलं असतं. आणि ते सांगायचं, म्हणजे सगळंच सांगायचं.

तीन वर्षं गेली. नाबोरची गाडी त्या रस्त्याने जाते, काचेतून त्याला टेकू दिसतात.

"म्हातारा वाळून चाललाय," एका सकाळी यार्डात तो म्हणाला. "आता तरी सांगून टाक की."

"सांगेन. त्याच्या एका वाक्याचं काम आहे."

"आणि नाहीच बोलला तर?"

ओतिलियाने आपली झोपलेली लेक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तिच्या डोक्यावर ऊन येत नाही ना, ते पाहिलं.

"तर राहू देत उभे," ती म्हणाली. "बावन्न किलोच्या गर्डरला टेकूंचा काही त्रास होत नाही."