शून्य टक्के

अंगावर शाल पडली, हातात श्रीफळ आलं आणि डॉ. अश्लेषा दुधाणे यांच्यासाठी अख्खं सभागृह उभं राहिलं. बाईंना जन्मापासून कोपराखाली दोन्ही हात नव्हते. सरकारने दिलेल्या यांत्रिक हातांनी त्यांनी मोतीबिंदूच्या नऊ हजार शस्त्रक्रिया केल्या होत्या, आणि एकही डोळा वाया गेला नव्हता.

व्यासपीठाच्या पायऱ्या उतरताच दिव्यांग कल्याण खात्याचे लोखंडे हसतमुखाने पुढे आले.

"अभिनंदन, मॅडम. पुरस्काराची नोंद झाली, तसं खात्याच्या मोजणी यंत्राने तुमचं अपंगत्व नव्याने मोजलं. शून्य टक्के आलं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही आता धडधाकट. हात चाळीस टक्क्यांच्या वरच्यांनाच देतो आम्ही. हे परत घ्यावे लागतील."

"अहो, उद्या अकरा पेशंट आहेत माझे. हात काढल्यावर मी काय करू?"

"काढले की तुम्ही पुन्हा पात्र होता ना. नव्याने अर्ज करायचा, एवढंच."

लोखंडेंनी अगदी हळुवारपणे दोन्ही कोपरांवरच्या कळा दाबल्या. श्रीफळ घट्ट धरूनच हात सुटले. त्यांनी बोटं उलगडली, हात पिशवीत घातले आणि नारळ बाईंच्या पायाशी ठेवला. मग शालीच्या घडीत एक कोरा अर्ज नीट खोचला.

"फक्त एक लक्षात ठेवा, मॅडम," जाता जाता ते म्हणाले, "अर्ज स्वहस्ताक्षरात लागतो. दुसऱ्याने भरलेला यंत्र घेत नाही."