उठून आलेलं नाव

“खोल गेलंय,” अण्णा म्हणाले. टॅब्लेटवरची नजर काढून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “अक्षर वर यायला हवं, चैताली. हे तर खड्ड्यात पडलंय.”

टेबलाच्या अलीकडे उभ्या असलेल्या चैतालीनं तोंडाशी आलेलं उत्तर गिळलं. सासऱ्यांना उलट बोलायची तिला सवय नव्हती, आणि आज तर ते परवडणारंही नव्हतं.

द्वारका चौकाजवळचा हा ‘मंगलाक्षर’ छापखाना लग्नपत्रिकांसाठी नावाजलेला. पत्रिकेवरून बोट फिरवलं की अक्षर बोटाला लागायचं, अशी अण्णांची उठावाची छपाई. पण आता लोक पत्रिकासुद्धा मोबाइलवर निवडतात. मुलगा ललित सातपूरच्या कारखान्यात रमलेला. त्याला शाईचा वासही सोसत नसे. तेव्हा छापखाना मी सांभाळते, आपण वेबसाइट काढू, असं त्याची बायकोच, म्हणजे चैतालीच, म्हणाली होती. अण्णांनी एकच अट घातली. छापखान्याचं नाव वेबसाइटवरही कागदातून उठून आलेलं दिसलं पाहिजे. जमलं तर दसऱ्याला यंत्राची पूजा. नाही जमलं तर यंत्र भंगारात.

दसरा तोंडावर आला तरी अण्णांचं पालुपद सुटत नव्हतं. तिनं करायचं काय बाकी ठेवलं होतं? जाड हातकागदाचा फोटो काढून त्याचा पोत घेतला. अक्षरांच्या वरच्या कडेला उजेड दिला, खालच्या कडेला सावली. अण्णा ‘खोल’ म्हणाले की सावली आणखी गडद करायची, उजेड आणखी वाढवायचा. घरी ललित म्हणाला होता, “हात लावून बघावंसं वाटतंय गं.” आणि इथं आणलं की खड्डा. अण्णांना सुनेच्या हाती छापखाना द्यायचाच नसेल, ही शंका आता तिला आतून कुरतडत होती. तसं असेल तर सरळ सांगावं ना माणसानं.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. टॅब्लेटची बॅटरीही नेमकी तेव्हाच मान टाकायला लागली. चार्जर लावायची जागा होती अण्णांच्या खुर्चीमागे. तिकडे सहसा कुणी जात नसे. गिऱ्हाईक असो की कामगार, दाखवायचं ते टेबलाच्या अलीकडून, हा इथला रिवाज. आणि त्या खुर्चीत तर अण्णांखेरीज कुणीच बसत नसे. लहानपणी ललित एकदा चढून बसला, तर कान पिळून खाली उतरवला गेला होता.

चैताली अंग चोरून पलीकडे गेली. पिन खोचून ती वळली आणि तिची नजर अण्णांच्या खांद्यावरून टॅब्लेटवर पडली.

नाव खरंच खड्ड्यात गेलं होतं.

“अण्णा,” ती सावकाश म्हणाली, “तुम्हाला हे उलटं दिसतंय. डोकं खाली, पाय वर.”

“मग? अक्षरांचे खिळे जुळवताना सुलटं कुणी वाचतं? उलटं वाचण्यातच हयात गेली माझी.”

अण्णा वाचताना जरा अडखळले असते, तर तिनं पहिल्याच दिवशी टॅब्लेट त्यांच्याकडे फिरवला असता. ते भराभर वाचत गेले आणि तिच्या ध्यानातच आलं नाही. इकडून उजेड खाली होता, सावली वर, खड्ड्यात पडते तशी. ती नाव जितकं वर उचलत होती, तितकं ते अण्णांसाठी खोल जात होतं.

तिनं टॅब्लेट फिरवला.

अण्णांचं बोट आपसूक पुढे झालं आणि अक्षराच्या कडेवरून फिरलं. बोटाला नुसती काच लागली, तसे ते ओशाळून हसले. “आलं की वर,” ते म्हणाले.

चैतालीचा जीव भांड्यात पडला. म्हणजे अण्णा सबबी सांगत नव्हते. जे दिसत होतं तेच सांगत होते. तिला एकदम इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले, आणि ते लपवायला ती टॅब्लेट उचलून सवयीनं पुन्हा टेबलाच्या अलीकडे निघाली.

अण्णा उठून उभे राहिले. खांद्यावरच्या पंच्यानं त्यांनी खुर्ची झटकली.

“तिकडे गेलीस की पुन्हा सगळं उलटं होईल,” ते म्हणाले. “इथं बस.”